कच्चा बचावपटू ड्राफ्टमध्ये घ्यावा का? भांडायच्या आधी एवढं बघा

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट जूनच्या शेवटाकडे असतो. त्यात संघ नंबराप्रमाणे पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात. तिकडची रात्र म्हणजे इकडची पहाट, साडेपाचचा सुमार. मालवणात तेव्हा मासेमारीबंदी चालू असते, ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले, स्कुबावाले घरी आणि माझ्या होमस्टेच्या खोल्या रिकाम्या. भांडायला माणसं शोधावी लागत नाहीत. भांडणाचा विषयही दरवर्षी ठरलेला. कुठलातरी एकोणीस वर्षांचा उंच पोरगा, हात गुडघ्यापर्यंत, बचावात वाघ, आणि बॉल हातात आला की भांबावलेला. आमचा तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा म्होरक्या, लगेच म्हणतो, "ह्याका घेवकच होयो." माझा मावसभाऊ म्हणतो, नंबर फुकट घालवायचा असेल तर घ्या. दोघंही पोराचा एक सामना धड न बघता बोलत असतात. म्हणून ही पद्धत लिहून ठेवतोय. तुमच्या गावात असे चारजण असतील तर वापरा.

पहिलं काम: पोरगा बाजूला ठेवा आणि नंबर बघा. "चांगला आहे का" या प्रश्नाला ड्राफ्टमध्ये काही अर्थ नाही. "कितव्या नंबरवर, आणि त्याच्याऐवजी कोण मिळत होता" एवढंच विचारायचं. २००९ साली मेम्फिसच्या संघानं दुसऱ्या नंबरवर हशीम थबीतला घेतला. टांझानियाचा, सव्वासात फुटी, कॉलेजात गाजलेला ब्लॉकर, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच हातानं अडवणारा. त्याच्या लगेच मागे तिसऱ्या नंबरवर जेम्स हार्डन गेला आणि सातव्यावर स्टेफ करी, दोघंही पुढे लीगचे मोठे तारे झाले. थबीतची सगळी कारकीर्द मिळून सरासरी सामन्याला २.२ गुण. आता उलट बाजू. २०१३ मध्ये रूडी गोबेअर २७व्या नंबरवर गेला आणि पुढे चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्रेमंड ग्रीन २०१२ मध्ये ३५वा. हर्ब जोन्स २०२१ मध्ये ३५वा. लू डॉर्टला २०१९ मध्ये कुणी ड्राफ्टच केलं नाही. हे तिघंही बचावासाठीच नावाजले.

यातून "बचावपटू खाली मिळतात, वर घेऊ नका" असा नियम काढायचा मोह होतो. डिकेंबे मुटोंबो हा ब्लॉकर १९९१ मध्ये चौथा गेला होता आणि त्या नंबराचं त्यानं सोनं केलं, तेव्हा नियम नको. पण वरच्या नंबरवर चूक महाग पडते, हे मात्र पक्कं. २०२०चा आयझॅक ओकोरो बघा. क्लीव्हलंडनं पाचवा घेतला. पोरगा वाईट नाही, मन लावून बचाव करतो, पाच वर्षं तिथे टिकला. पण त्याच ड्राफ्टमध्ये टायरीस हॅलिबर्टन, जो पुढे तारा झाला, बाराव्या नंबरपर्यंत शिल्लक होता. ओकोरोवर कुणी चिडलं तर ते या हिशोबामुळे.

पैशाची बाजूही इथेच उरकून घ्या. पहिल्या फेरीतल्या खेळाडूची पहिली दोन वर्षं पक्की असतात, तिसरं आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही हे क्लबच्या हातात. म्हणजे कच्च्या पोराला पिकायला फार तर चार वर्षं. तो पाचव्या वर्षी पिकला तर फळ दुसऱ्याच्या टोपलीत, नाहीतर तुम्ही पुऱ्या भावानं विकत घेणार.

दुसरं काम: कच्चा म्हणजे कशात कच्चा, ते ठरवा. मावसभावाची देवगडला कलमं आहेत, त्यामुळे आमच्याकडे हा हिशोब आण्यांत होतो. चौदा आणे तयार झालेला हापूस उतरवून अढीत घातला की पिकतो. दहा आण्यांचा घातला तर सुरकुततो, गवत कितीही चांगलं असो. तेव्हा "कच्चा आहे, पिकेल" हे वाक्य अर्धवट आहे. किती आणे, ते सांगा.

शरीरानं कच्चा असेल तर मी काळजी करत नाही. एकोणिसाव्या वर्षी काटकुळा पोरगा तेविसाव्या वर्षी भरतो, क्लबांकडे त्यासाठी जिम, आहारतज्ज्ञ, सगळं असतं. यानिस आन्तेतोकुम्पो, पुढे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, २०१३ मध्ये १५व्या नंबरवर आला तेव्हा काडी होता. (मात्र प्रत्येक काडीला यानिस म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडे त्या दिवशीचा चहा पाजावा लागतो.) हातानं कच्चा, म्हणजे शूटिंग नाही, ड्रिबल नाही, तर निम्मी आशा. समजेनं कच्चा असेल, म्हणजे बचावातसुद्धा तो नुसत्या उंचीवर आणि उडीवर खेळत असेल, तर तो बचावपटूच नाही. तो उंच पोरगा आहे.

हे ओळखायचं कसं, यावर थोडा वेळ घालवतो, कारण बहुतेक भांडणं इथेच चुकीच्या रस्त्याला लागतात. हायलाइट बघू नका. दीड मिनिटात नऊ ब्लॉक दाखवतात, पण ब्लॉक करायला धावताना मागे मोकळा सुटलेला माणूस त्यात दिसत नाही. अमेरिकेत कॉलेजचा सामना २० मिनिटांच्या दोन हाफचा असतो. त्यातला एक अख्खा हाफ लावा आणि बॉलकडे न बघता फक्त त्या पोराकडे बघा. पहिली पाच मिनिटं जाम कंटाळा येतो. मग हळूहळू दिसायला लागतं.

आमच्या वाडीत एक कबड्डीचे मास्तर आहेत. बास्केटबॉल त्यांनी आयुष्यात खेळलेला नाही. शाळेच्या आवारातली रिंग खाऱ्या वाऱ्यानं गंजून वाकली तेव्हा काढून टाकू म्हणणाऱ्यांत तेच पुढे होते. एका पहाटे घावणे खाता खाता ते माझ्या लॅपटॉपकडे बघत होते. मी पोराच्या हातांचं कौतुक करत होतो. ते म्हणाले, "मेल्या, तेचे पाय बघ. हात कित्याक बघतस?" कोपऱ्यावरच्या पोराची निवड ते अशीच करतात. चढाईवाल्यानं हूल दिली की याची टाच उचलते का. उचलली की तो गेला.

तेच बास्केटबॉलला लावा. समोरच्यानं शूटची खोटी हालचाल केली, पोरगा हवेत उडाला का? दर वेळी उडत असेल तर एनबीएत त्याला रोज संध्याकाळी फाउल मिळणार. कॉलेजात पाच फाउलना बाहेर, एनबीएत सहा, पण तिथे सामना ४८ मिनिटांचा. बाकावर बसलेला ब्लॉकर काहीच अडवत नाही. मग बॉल दुसऱ्या बाजूला असताना तो कुठे उभा आहे ते बघा. आपला माणूस आणि बॉल, दोन्ही त्याच्या नजरेत आहेत का, की बॉलकडे बघत उभा आणि मागून त्याचा माणूस रिंगखाली पसार? पिक अँड रोल (एकानं बचाववाल्याच्या वाटेत आड उभं राहून बॉलवाल्याला वाट करून द्यायची आणि मग रिंगकडे धावायचं, हा डाव) आला की तोंड हलतं का? बचावात बोलणारा पोरगा समजतो, गप्प असलेला बहुधा अंदाजानं खेळतो. शेवटी ब्लॉकनंतर बॉल कुठे जातो ते. प्रेक्षकांत भिरकावलेला ब्लॉक दिसायला झकास, पण बॉल परत समोरच्यांनाच मिळतो. जुन्या काळचा सेंटर बिल रसेल ब्लॉक केलेला बॉल कोर्टातच, आपल्या माणसांकडे ठेवायचा, आणि त्याच्या नावावर अकरा विजेतेपदं आहेत.

वहीत फक्त त्याच्या चुका लिहा. चांगलं काय ते तांडेल ओरडून सांगेलच.

आता आक्रमण. इथे आम्हा कोकणातल्या माणसांचा एक खास घोटाळा होतो आणि त्याचं मूळ कबड्डीत आहे. कबड्डीत चढाईला कोण जाणार हे संघ ठरवतो. डावा कोपरारक्षक अख्ख्या सामन्यात एकदाही चढाईला गेला नाही तरी बिघडत नाही. चढाईवाले बाद होऊन बाहेर बसले तर गोष्ट वेगळी, एरवी त्याला चढाई जमत नाही याचा समोरच्याला काडीचा फायदा घेता येत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, बचाव चांगला ना, मग घ्या. बास्केटबॉलमध्ये असा कोपरा नाही. ज्याला शूट जमत नाही त्याला समोरचा संघ मोकळा सोडतो, आणि त्याच्यावरचा माणूस रिंगखाली जाऊन तुमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूची वाट अडवतो. तुमचे चार, त्यांचे पाच.

जुनी उदाहरणं देणाऱ्याला इथे थांबवा. बेन वॉलेसचं नाव हमखास निघतं. १९९६ मध्ये कुणी ड्राफ्ट केला नाही, फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मिळणारा मोकळा शॉट) कारकिर्दीत ४१ टक्क्यांच्या आसपास, तरी चार वेळा सर्वोत्तम बचावपटू. खरं आहे. पण ते चारही किताब २००२ ते २००६ मधले, तीन गुणांचे (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले) शॉट आजच्याइतके वाढले नव्हते तेव्हाचे. नियम २००१-०२च्या मोसमापासून बदलले. त्याआधी बचाव करणाऱ्याला आपला माणूस सोडून मध्येच कुठेतरी उभं राहायला मनाई होती. नंतर झोन, म्हणजे माणूस न धरता जागा धरून केलेला बचाव, चालायला लागला आणि रिंगसमोरच्या पट्ट्यात कुणाला न धरता उभं राहण्यावर फक्त तीन सेकंदांची मर्यादा उरली. शूट न येणाऱ्याची किंमत तेव्हापासून संघाला जास्त मोजावी लागते, आणि तीन गुणांचे शॉट वाढले तशी ती आणखी वाढली.

दोन मोजपट्ट्या ठेवा. पोरगा रिंग राखणारा उंच सेंटर असेल तर बाहेरून शूट नसलं तरी निभतं. स्क्रीन लावायची, रिंगकडे धावायचं, आलेला पास पकडून डंक मारायचा. गोबेअर हेच करतो. त्याचे फक्त हात बघा, पास निसटतात का. पण साडेसहा फुटी विंग, म्हणजे बाजूनं खेळणारा, असेल तर त्याला असं कामच नाही. त्याला कोपऱ्यातून, २२ फुटांवरून, मोकळा शॉट घालता आलाच पाहिजे. आंद्रे रॉबरसन ओक्लाहोमा सिटीचा अप्रतिम बचावपटू होता. २०१७च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, ह्यूस्टननं त्याला मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोच्या रेषेवर उभा केला, आणि त्या मालिकेत त्याचे २१ पैकी फक्त ३ आत गेले. मटीस थायबूल फिलाडेल्फियात असताना दोन वेळा ऑल-डिफेन्स संघात, म्हणजे वर्षातल्या निवडक बचावपटूंत, आला, तरी प्लेऑफ तापले की त्याची मिनिटं कमी व्हायची. बचाव कमी पडला म्हणून नव्हे.

मग शूट येईल की नाही हे आधी कसं कळणार? फ्री थ्रो बघा. कॉलेजच्या एका मोसमात पोरगा तीन गुणांचे शॉट फार मारतच नाही, त्यामुळे तो टक्का फसवा असतो. फ्री थ्रोला रेषा तीच, अंतर तेच, समोर कुणी नाही, नुसता हात. ७५ टक्क्यांच्या वर असेल तर मी तीन गुणांचा टक्का खराब असला तरी आशा धरतो. ६० च्या खाली असेल आणि पोरगा विंग असेल, तर पहिल्या दहा नंबरांत मी त्याचं नाव ऐकूनही घेणार नाही. हे आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे ठरवा, पण ड्राफ्टच्या आधी ठरवा. हर्ब जोन्सनं २०२३-२४ मध्ये तीन गुणांचे जवळजवळ ४२ टक्के घातले. कवाय लेनर्ड कॉलेजात बाहेरून फार मारणारा नव्हता, सॅन अँटोनियोत त्याचं शूटिंग घडवलं गेलं. मात्र शिकवणारी जागाही तशी लागते.

त्यावरून पुढचा प्रश्न: घेणारा संघ कुठला? ज्याच्याकडे आधीच एक शूट न येणारा सेंटर आहे, त्यानं शूट न येणारा विंग घेऊ नये. दोघं एकत्र खेळूच शकत नाहीत. तळाच्या संघाकडे पोराला चुका करायला मिनिटं असतात, वरच्या संघाकडे त्याला बाकावर ठेवून शिकवायला धीर असतो. मधल्या संघाकडे दोन्ही नसतात, आणि असले पोरगे तेच फार घेतात.

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून निकाल देऊ नका. थबीत पहिल्या मोसमात डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, पाठवला गेला होता, तसाच गोबेअरही. एकाचं नाव काढलं की दुसऱ्याचं काढायचंच, असा आमचा दंडक आहे. तांडेलनं गोबेअर म्हटलं की मावसभाऊ थबीत म्हणतो, तोही नुसतं नाव घेऊन थांबत नाही, हा पोरगा त्यातल्या कुणासारखा आणि कशावरून, ते वहीतून दाखवावं लागतं.

एक आपल्या मनातली गोष्ट. नाव भारतीय वाटलं की आम्ही सगळेच आणे वाढवून सांगतो. २०१५ मध्ये डॅलसनं पंजाबच्या सतनाम सिंगला ५२वा घेतला, तो सात फूट दोन इंच, भारतात जन्मून ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू. आनंद झालाच पाहिजे. एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही, हेही त्याच वहीत लिहा.

ड्राफ्टच्या सकाळी, नाव पुकारायच्या आधी, प्रत्येकानं कागदावर लिहायचं: घ्यावा की नाही, कितव्या नंबरपर्यंत चालेल, किती आणे. खाली सही. आमच्याकडे हे कागद बिस्किटांच्या डब्यात जातात, कारण पावसात उघड्यावर ठेवलेल्या कागदाला आठ दिवसांत बुरशी धरते. क्लबला चौथ्या वर्षाचा निर्णय तिसरा मोसम सुरू होतानाच, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कळवावा लागतो. डबा त्या दिवशी उघडायचा. तोवर तांडेल समुद्रावर गेलेला असतो, त्याचा कागद मावसभाऊ वाचून दाखवतो आणि फोटो काढून पाठवतो.