तळ्याच्या गाळातले परागकण मोजताना

गाळाचा गाभा (नळी खुपसून काढलेला उभा नमुना) तळ्याच्या खोल भागातून काढा. काठाचा गाळ लाटांनी ढवळलेला असतो. बाहेरचा थर खरवडून आतला 1 घन सेंमी घ्या आणि त्यात लगेच ठरावीक संख्येच्या लायकोपोडियम (एक नेच्यासारखी बिनफुलांची वनस्पती) बीजाणूंची गोळी टाका. उशिरा टाकली तर धुताना वाया गेलेल्या कणांचा हिशेब लागत नाही.

10% हायड्रोक्लोरिक आम्लात चुना आणि गोळी दोन्ही विरघळतात. मग 10% पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून नळी 10 मिनिटं गरम पाण्यात ठेवा. पाणी काळ्या चहासारखं होतं; ते निवळेपर्यंत धूत राहा. अ‍ॅसिटोलिसिसला (आम्लांनी सेंद्रिय कचरा काढून कण स्वच्छ करण्याच्या पायरीला) 9 भाग अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड आणि 1 भाग संहत सल्फ्युरिक आम्ल लागतं. त्याआधी ग्लेशियल (जवळजवळ पाणी नसलेल्या) अ‍ॅसिटिक आम्लाने धुऊन पाणी पूर्ण काढा, नाहीतर मिश्रण उसळून अंगावर येतं. हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच).

400 पट मोठं करून थरामागे किमान 300 कण मोजा. झाडांचे कण घटले आणि गवत, धान्य, कोळसा सोबत वाढले, तर जंगल तोडून शेती झाली असावी. पण 40 मायक्रॉनहून मोठा गवतकण दिसला म्हणून लगेच धान्य लिहू नका. काही रानगवतांचे कणही तेवढेच भरतात.