किल्ली हाती देण्यापूर्वी

भारतात 16 वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पालकांच्या लेखी संमतीने 50 सीसीपर्यंतच्या विनागियर दुचाकीचा शिकाऊ परवाना मिळू शकतो. घरातली 110 सीसीची स्कूटर मात्र त्यात बसत नाही, आणि गफलत नेमकी इथेच होते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ नुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कारावास व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. संमती होती, असेच न्यायालय गृहीत धरते. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे पालकांनाच सिद्ध करावे लागते. म्हणून किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवू नये.