द्राक्षं खाल्ली की लगेच ब्रश नको

फेब्रुवारी-मार्चात नाशकात घरोघरी द्राक्षं येतात. पिंपळगाव-दिंडोरीकडे कुणी नातेवाईक असेल तर विचारायलाच नको. मग जाता-येता चार मणी तोंडात टाकायची सवय लागते, आणि दातांना नेमकी तीच जड जाते.

द्राक्षात साखरेबरोबर आम्लंही असतात. तोंडातला सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांवरचं कवच, म्हणजे इनॅमल, मऊ पडू लागतं. लाळ ते सावरते, पण तिला वेळ लागतो. दर पंधरा मिनिटांनी मणी टाकत राहिलं तर तो मिळतच नाही. म्हणून द्राक्षं हवी तर पोटभर खा, पण जेवणासोबत, एकदाच. वर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. ब्रश लगेच केला तर मऊ झालेलं कवच घासलं जातं. अर्धा-पाऊण तास थांबा. लिंबू सरबतालाही हेच लागू.

मनुके पौष्टिक खरे, पण दाढांच्या खाचांत चिकटून बसतात. मुलांना झोपताना मूठभर देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षाही महत्त्वाचा. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, दोन मिनिटं. नंतर फेस नुसता थुंकायचा, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं.

आणि घरात आजी मशेरी लावत असेल, तर ती तंबाखूच आहे. दात स्वच्छ होतात म्हणून नातवंडांच्या हाती ती डबी चुकूनही जाऊ देऊ नका.