फॉर्म्युला स्टुडंटची गाडी : ब्रेक टेस्ट कशी काढायची

फॉर्म्युला भारतला (कॉलेजच्या पोरांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर जायचंय ना, मग इंजिनची पॉवर वगैरे नंतर बघा, पेट्रोल गाडीला तसंही २० मिमीचा रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा आणि त्यामुळे पॉवर मर्यादित ठेवणारा अरुंद भाग) लावावाच लागतो. आधी ब्रेक! टेस्टमध्ये चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, गाडी सरळ थांबली पाहिजे आणि इंजिन बंद पडता कामा नये.

ब्लीडिंग करताना, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढताना, कॅलिपरचा (डिस्कला चिमटीत पकडणारा ब्रेकचा भाग) निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायचा स्क्रू, सगळ्यात वर असला पाहिजे, नाहीतर हवा आतच राहते. आम्ही डावं-उजवं कॅलिपर उलटं बसवलं होतं आणि रात्री दोनपर्यंत पेडल पंप करत बसलो, स्पंजी ते स्पंजीच, शेवटी एका ज्युनिअरच्या लक्षात आलं, आम्हा सीनिअर्सचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

पुढची चाकं लॉक होतात पण मागची फिरतायत, तर बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये वाटणारा दांडा) फिरवून जोर मागे द्या, अर्धा-अर्धा आटाच फिरवा, दरवेळी रन घ्या, बाजूने मोबाईलवर शूट करा. मागची आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते, मग उलटं करा. टायर गरम करूनच ट्राय मारा.

आणि हो, ड्रायव्हरला सूट-हेल्मेट घालून, बांधलेले बेल्ट सोडून ५ सेकंदांत गाडीबाहेर पडायची प्रॅक्टिस रोज द्या.