जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण: माझा अनुभव

फाल्गुनाच्या आरंभी कोल्हापुरातील आमच्या गच्चीवरच्या जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या आणि कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. हा पिठ्या ढेकूण होय. मी प्रथम नुसते पाणी फवारले. ते वाया गेले, कारण त्याच्या अंगावरील मेणचट थरावरून पाणी निथळून जाते.

खरे मूळ सासूबाईंच्या लक्षात आले: कुंडीवर मुंग्यांची रांग होती. हे ढेकूण जो गोड, चिकट स्राव सोडतात, त्याच्या लोभाने मुंग्या त्यांची राखण करतात आणि त्यांना एका फांदीवरून दुसरीवर नेतातही. (गुळाच्या गावात मुंग्यांना गोडाची काय कमतरता, असे सासरे म्हणाले.)

मग किडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकले, एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल व थोडा पातळ साबण मिसळून सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारले, आणि कुंडी पाणी भरलेल्या परातीत विटांवर ठेवून मुंग्यांची वाट तोडली. डास होऊ नयेत म्हणून ते पाणी एक दिवसाआड बदलण्याचे काम मुलीने आवडीने केले. आठवड्याच्या अंतराने तीन फवारण्या झाल्या. पाडव्याच्या सकाळी चार फुले उमलली. पैकी एक तिने देवघरातील गणपतीला वाहिले.