मातीविना कुंडी भरण्याआधी

घरातल्या झाडांसाठी माध्यम, म्हणजे मातीऐवजी कुंडीत भरायचं मिश्रण, विकत घेण्याआधी दोन गोष्टी पाहा: कुंडीची उंची आणि पाणी घालणाऱ्याचा हात. घरात ऊन-वारा कमी, म्हणून कुंडी सावकाश वाळते आणि झाडं तहानेपेक्षा मुळं गुदमरूनच जास्त मरतात. वरचेवर पाणी घालायची सवय असेल तर मिश्रण भरड हवं. कुंडी उथळ असेल तरीही भरडच, कारण निचरा झाल्यावरही तळाचा काही सेंटिमीटरचा थर पाण्यानं गच्च राहतो आणि उथळ कुंडीत तोच निम्मी जागा खातो. तळाशी खडी घातल्यानं हा थर जात नाही, उलट तेवढा वर सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

पानांच्या शोभेच्या बहुतेक झाडांना 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग परलाइट (ज्वालामुखी काच तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे) आणि 1 भाग पाइनच्या सालीचे बारीक तुकडे चालतात. हे भाग मापाने घ्यायचे, वजनाने नव्हे. निवडुंगवर्गीय झाडांना परलाइट वाढवून एकूण मिश्रणाच्या निम्मं करा. व्हर्मिक्युलाइट, म्हणजे अभ्रकासारखं तापवून फुगवलेलं खनिज, कलमांपुरतं बरं. दाबलं की त्याचे पापुद्रे चेपतात आणि हवा जाते. परलाइट ओतण्याआधी पिशवीतच पाणी शिंपडा, त्याची धूळ नाकाघशाला त्रास देते.

खरी मेहनत कोकोपीटची. 650 ग्रॅमची वीट साधारण 4 लिटर पाण्यात फुलवा, 8 ते 9 लिटर माल होतो. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. कोकोपीट न धुता वापरलं तर पानांच्या कडा करपतात आणि दोष उगाच खताला दिला जातो. निथळणाऱ्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप) नळाच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुवा. मग लिटरला 2 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवून पुन्हा धुवा. ही पायरी टाळली तर कोकोपीट खतातलं कॅल्शियम स्वतःकडे खेचून घेतं आणि नवी पानं वाकडी येतात.

लावण्याआधी एक चाचणी करा. कुंडीची भोकं चिकटपट्टीनं बंद करून ओलसर मिश्रण भरा आणि वर पाणी चमकेपर्यंत हळूहळू पाणी ओता. मग पट्टी काढून निथळलेलं पाणी मोजा. 2 लिटरच्या कुंडीतून 300 ते 500 मिलिलिटर आलं तर हवेला जागा आहे. 200 च्या खाली आलं तर परलाइट वाढवा.

झाड मातीतून येत असेल तर मुळांभोवतीची माती अलगद धुवा. तो चिकट गड्डा तसाच राहिला तर भोवतीचं मिश्रण वाळलं तरी आत ओल साचते. पाणी द्यायची वेळ कुंडी उचलून वजनावरून ठरवा, कारण कोकोपीट वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं. या माध्यमात अन्न जवळजवळ नसतंच, म्हणून नवी वाढ दिसताच पाण्यात विरघळणारं खत निम्म्या मात्रेत सुरू करा. दर वेळी घातलेल्या पाण्याचा दहावा हिस्सा तरी खाली निथळू द्या आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका.