साठीनंतरची किती वर्षं स्वतःच्या हातापायांवर? मोजण्याची रीत

यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या ओळखपत्रावर) दिव्यांगत्व 60 टक्के असं लिहिलेलं असतं, पण आजोबांना आंघोळीला कुणी लागतं का, हे त्यावरून कळत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातली 40 टक्क्यांची रेघ सवलतींसाठी आहे. ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या प्रभागात ज्येष्ठ नागरिक संघाला पाहणी करायची असेल, तर दोन वेगळे आकडे काढावे लागतात: साठीनंतर कुणाच्या आधाराशिवाय जाणारी वर्षं किती, आणि उरलेल्या वर्षांत मदत किती लागते.

सुरुवात वयापासून करा, कारण पहिला घोळ तिथेच होतो. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी दिसली की शंका घ्या. लोक 60, 65, 70 असे गोल आकडे सांगतात. "1967 मध्ये कोयनेला भूकंप झाला तेव्हा कितवीत होता?" असं विचारलं की वय बरंच जवळ येतं.

मग सहा कामं: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवणं. (रोजची कामं स्वतः जमतात का हे तपासणारी ही डॉ. कॅट्झ यांची यादी, 1963 ची.) "जमतं का?" असं विचारू नका, उत्तर "हो, जमतं की" असंच येतं. "गेल्या आठवड्यात कुणी मदत केली?" असं विचारा, आणि शक्यतो सून-मुलगा समोर नसताना. मदत कशाला म्हणायचं ते आधी लिहून ठेवा. गरम पाण्याची बादली कुणी आणून दिली, पण आंघोळ स्वतः केली, तर ती मदतीशिवाय केली असं धरायचं, असं ठरवलं तर सगळ्या घरी तेच. नाहीतर दोन कार्यकर्ते एकाच घराचे दोन निकाल आणतात. बसायचा संडास की कमोड, तेही नोंदवा. गुडघे गेलेल्या बाईचा सगळा फरक तिथेच असतो.

सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत घरात सगळं स्वतः करणारा माणूस वर्षभर खाली उतरलेला नसतो. सहा कामांत हे पकडलं जात नाही, म्हणून जिन्याचा रकाना वेगळा ठेवा, बेरजेत मिसळू नका. वृद्धाश्रमातली माणसंही घ्या. ती सुटली तर आकडा फसवा चांगला येतो.

आता हिशेब. सलिव्हनची पद्धत, 1971 ची: प्रत्येक वयोगटाच्या जगलेल्या वर्षांतून मदत लागणाऱ्यांचा हिस्सा वजा करायचा. एसआरएसच्या (सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या) जीवनसारणीतून, म्हणजे कोणत्या वयात किती जण जगतात हे दाखवणाऱ्या तक्त्यातून, महाराष्ट्र शहरी, स्त्री आणि पुरुष वेगळे, असे आकडे घ्या. प्रभागाची सारणी नसते. राज्याची वापरली, असं अहवालात स्पष्ट लिहा. समजा (हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत), साठीला पोचलेल्या 1,00,000 जणांची जगलेली वर्षं 60–69 मध्ये 9,20,000, 70–79 मध्ये 6,40,000 आणि 80 पुढे 3,40,000. म्हणजे सरासरी 19 वर्षं. एका तरी कामाला मदत लागणारे 10, 20 आणि 40 टक्के. प्रत्येक गटातून तेवढा हिस्सा वजा केला की 15,44,000 उरतात: 15.44 वर्षं मोकळी, 3.56 आधाराची.

80 पुढच्या गटाकडे जास्त लक्ष द्या. तिथे 25 जणच भेटले आणि 40 टक्के आले, तर खरं प्रमाण साधारण 21 ते 59 टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. 100 भेटले तर 30 ते 50. त्या गटाला मुद्दाम जास्त घरं शोधा.

हा सगळ्या वस्तीचा आकडा आहे, एका माणसाचं भाकीत नव्हे. फक्त दिव्यांगांचं आयुर्मान हवं असेल तर ही सारणी चालत नाही, कारण त्यांचा मृत्युदर वेगळा असतो. त्यासाठी तीच माणसं काही वर्षांनी पुन्हा मोजावी लागतात.

मदतीसाठी 24 तासांचा तक्ता भरा: मदत आठवड्यातून कधीतरी, रोज ठरावीक वेळी, की केव्हाही. रोज सरासरी 4 तास आले तर 3.56 वर्षांचे सुमारे 5,200 तास होतात. त्यातले रात्रीचे तास वेगळे लिहा. रोज दोनदा आंघोळ-कपडे करायला दिवसपाळीची बाई पुरते. रात्री तीनदा उठवणाऱ्यासाठी दुसरी पाळी धरावी लागते, आणि खर्च साधारण दुप्पट होतो.